कोडोलीच्या दक्षिणेला काय आहे?

शाळेतल्या पृथ्वीगोलाचा तळ बहुधा बैठकीमुळे झाकला जातो, आणि तिथला मोठा पांढरा भाग विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटतो. हा भाग म्हणजे अंटार्क्टिका खंड. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या चौपटीहून अधिक आहे. त्याचा सुमारे ९८ टक्के भाग बर्फाखाली असून या बर्फाची सरासरी जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते.

हा खंड आपल्यापासून किती दूर आहे? उदाहरणादाखल कोल्हापूर जिल्ह्यातील, पन्हाळा तालुक्यातले कोडोली हे गाव घेऊ. ते सुमारे १७ अंश उत्तर अक्षांश व ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे. तिथून सरळ दक्षिणेकडे निघालो, तर कारवारच्या आसपास किनारा संपतो आणि पुढे जवळजवळ सगळे पाणीच लागते. थेट ६९ अंश दक्षिण अक्षांशाच्या सुमारास अंटार्क्टिकाचा किनारा येतो. हे अंतर एकूण ८६ अंशांचे झाले. प्रत्येक अंशाला १११ किलोमीटर धरले, तर ते साडेनऊ हजार किलोमीटर होते.

इतक्या दूरच्या, निर्मनुष्य खंडाचा शोध माणसाने कसा लावला, हे आता पाहू.

न पाहिलेली जमीन

उत्तरेकडील जमिनीचा तोल सांभाळण्यासाठी दक्षिणेलाही तेवढीच जमीन असली पाहिजे, असे प्राचीन ग्रीक विचारवंतांना वाटे. उत्तरेकडील अस्वलाच्या आकाराच्या तारकासमूहावरून त्या दिशेला ‘आर्क्टिक’ हे नाव पडले, म्हणून तिच्या विरुद्ध बाजूचे ते ‘अंटार्क्टिक’. दक्षिणेला जमीन निघाली खरी, पण तोल सांभाळण्याचे कारण मात्र चुकीचे होते. निष्कर्ष बरोबर आला म्हणजे त्यामागचे कारणही बरोबर असते असे नाही, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी हे उदाहरण उपयोगी पडेल.

याउलट कॅप्टन जेम्स कुकचे उदाहरण पाहा. १७ जानेवारी १७७३ रोजी त्याच्या जहाजाने अंटार्क्टिक वृत्त ओलांडले. पुढच्याच वर्षी तो ७१ अंश दक्षिणेपर्यंत गेला. त्याला जमीन कुठेच दिसली नाही. दिसले ते प्रचंड हिमनग. त्यांचा बर्फ वितळवून खलाशांनी पिण्याचे पाणी मिळवले. एवढा गोडा बर्फ ध्रुवाजवळच्या जमिनीवरूनच येत असणार, असा निष्कर्ष कुकने काढला. हा तर्क मात्र पुराव्यावर आधारलेला होता. १८२० साली रशियाच्या बेलिंग्सहाउझेनच्या आणि ब्रिटनच्या ब्रान्सफील्डच्या मोहिमांना काही दिवसांच्या अंतराने या खंडाचे दर्शन घडले.

सोळा किलो दगड

त्यानंतर नव्वद वर्षांनी ध्रुव गाठण्याची शर्यत लागली. नॉर्वेचा ॲमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला. इंग्रज कप्तान स्कॉट व त्याचे चार सहकारी १७ जानेवारी १९१२ रोजी तिथे पोचले, तेव्हा नॉर्वेचा झेंडा आधीच फडकत होता. ही हकिकत बहुतेकांना ठाऊक असते. परतीच्या वाटेवर काय घडले, ते सहसा सांगितले जात नाही.

बिअर्डमोर हिमनदीच्या काठी उघडे खडक दिसताच स्कॉटची तुकडी तिथे थांबली. तुकडीतील शास्त्रज्ञ एडवर्ड विल्सनला त्या खडकांत पानांचे ठसे सापडले. सर्वजण थकलेले होते, अन्न तुटपुंजे होते आणि घसरगाडी माणसांनाच ओढावी लागत होती. तरीही सुमारे १६ किलो दगड त्यांनी गाडीवर घेतले. पाचांपैकी एकही जण परत आला नाही. नोव्हेंबर १९१२ मध्ये शोधपथकाला शेवटच्या तिघांचा तंबू सापडला, तेव्हा ते दगड गाडीवर तसेच होते.

१९१४ साली वनस्पतिशास्त्रज्ञ स्यूअर्ड यांनी हे ठसे ओळखले. ते ‘ग्लॉसोप्टेरिस’ या नामशेष वनस्पतीचे होते. जिभेच्या आकाराची, ठळक मध्यशिरेची ही पाने आपल्याकडे नवी नव्हती. नागपूर परिसरात स्टीफन हिस्लॉप यांनी जमवलेल्या अशाच जीवाश्मांचे वर्णन १८६१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. चंद्रपूरकडच्या कोळशाच्या थरांतही याच वनस्पतिसमूहाचे अवशेष मिळतात.

एकच वनस्पती विदर्भात आणि दक्षिण ध्रुवाजवळही कशी वाढली? तिच्या बिया वाऱ्याबरोबर महासागर ओलांडून जाणे अवघडच होते. म्हणजे मधला महासागरच तेव्हा नसला पाहिजे. भारत, अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका एकत्र असलेल्या त्या भूखंडाला गोंडांच्या प्रदेशावरून ‘गोंडवाना’ हे नाव मिळाले आहे. भारताचा पूर्व किनारा अंटार्क्टिकाला लागून होता. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी ते दोन्ही अलग होऊ लागले. कोडोलीच्या शिवारातला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे हा लाव्हा वाहिला तेव्हा आपली भूमी अंटार्क्टिकाचा निरोप घेऊन उत्तरेकडे निघालेली होती.

गोव्याहून निघालेली जहाजे

भारताची पहिली मोहीम डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर पोचली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणे उभारले गेले. तरंगत्या हिमपट्टावर बांधलेले हे ठाणे पुढे बर्फात गाडले गेले. म्हणून १९८९ चे ‘मैत्री’ व २०१२ चे ‘भारती’ ही दोन्ही ठाणी खडकावर आहेत. भारती सुमारे ७६ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे जवळजवळ कोडोलीच्या सरळ दक्षिणेला आहे.

या तिसऱ्या मोहिमेत औंधच्या पंत घराण्यातील सागरवैज्ञानिक डॉ. अदिती पंत आणि भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता सहभागी होत्या. अंटार्क्टिकावर जाणाऱ्या या पहिल्या भारतीय महिला वैज्ञानिक. डॉ. पंत पुण्यात शिकल्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करत होत्या.

बर्फात साठलेली हवा

आता शोध चालू आहे तो बर्फाच्या आत. दरवर्षी पडणाऱ्या हिमाचे थर एकावर एक दाबले जातात आणि त्यांत त्या त्या काळची हवा बुडबुड्यांच्या रूपाने अडकते. अशा बर्फाचे लांब दंडगोल छिद्रण करून बाहेर काढतात. ‘डोम सी’ येथील दंडगोलांतून आठ लाख वर्षांच्या हवेची नोंद मिळाली. या सर्व काळात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे १७० ते ३०० भाग यांदरम्यान राहिले. आज ते ४२० च्या वर गेले आहे. अंटार्क्टिकाचा सगळा बर्फ वितळला, तर समुद्राची पातळी जवळजवळ ५८ मीटरने वाढेल. हे घडायला फार मोठा काळ लागेल. परंतु त्यातला थोडा अंशही कोकण किनाऱ्याला पुरेसा आहे.

१९५९ च्या कराराने हा खंड शांततेसाठी व विज्ञानासाठी राखला गेला, आणि १९९१ च्या मसुद्याने तिथल्या खाणकामावर बंदी आली. भारत १९८३ मध्ये या करारात सामील झाला.

वर्गात एक साधा प्रयोग करून पाहता येईल. पृथ्वीगोलावरून भारत व अंटार्क्टिका यांच्या आकृत्या पातळ कागदावर काढून कापून घ्या आणि भारताचा पूर्व किनारा अंटार्क्टिकाला जुळतो का, हे विद्यार्थ्यांनाच पाहू द्या. कडा तंतोतंत जुळणार नाहीत. तेव्हा त्यांना विचारा : नुसत्या आकारावरून खात्री होत नसेल, तर आणखी कोणता पुरावा मागाल? त्या सोळा किलो दगडांची गोष्ट त्यानंतर सांगावी.