रंगीत तंतूंच्या मिश्रणाचे रंगपूर्वानुमान

आधीच रंगवलेले किंवा मुळात रंगीत असलेले तंतू ठरावीक प्रमाणात एकत्र पिंजून तयार होणाऱ्या सुताचा वा कापडाचा रंग गणिताने आधी काढण्याच्या पद्धतीला रंगीत तंतूंच्या मिश्रणाचे रंगपूर्वानुमान म्हणतात. पिंजल्यानंतर तंतू पुन्हा वेगळे करता येत नाहीत. त्यामुळे प्रमाण चुकल्यास मालाचा संपूर्ण घाणा वाया जाऊ शकतो.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील उदाहरण

साताऱ्यातील माण व खटाव आणि सांगलीतील आटपाडी, जत व कवठेमहांकाळ हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. येथे मेंढपाळी हा जुना व्यवसाय आहे. दख्खनी मेंढीची लोकर प्रामुख्याने काळी असते. पांढरी व करडी लोकरही मिळते. ही लोकर पिंजून, कातून हातमागावर घोंगडी विणली जाते आणि ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. पारंपरिक घोंगडीत रंग मुख्यतः लोकरीचाच असल्याने छटा मिश्रणाच्या प्रमाणावरच अवलंबून राहते.

सरासरी का चुकते

काळ्या व पांढऱ्या सुताचे समान रुंदीचे पट्टे विणून कापड दुरून पाहिल्यास दिसणारी उजळता दोन्ही रंगांच्या सरासरीइतकी असते. तीच लोकर एकत्र पिंजल्यास मात्र छटा बरीच गडद येते. प्रकाश एका तंतूवरून दुसऱ्यावर विखुरत जातो आणि वाटेत काळे तंतू तो शोषून घेतात.

सूत्रे

पॉल कुबेल्का व फ्रान्झ मुंक यांनी १९३१ मध्ये मांडलेला सिद्धान्त रंगलेपासारख्या एकजीव थरासाठी होता. तंतूंच्या मिश्रणाची छटा सामान्यतः सरासरी आणि हा सिद्धान्त यांच्या दरम्यान येते. स्टर्न्स व नोएचेल यांनी १९४४ मध्ये लोकरीच्या मिश्रणांसाठी पुढील अनुभवजन्य सूत्र दिले:

फ = (१ − प) ÷ [म × (प − ०.०१) + ०.०१]

यात 'प' हे एका तरंगलांबीवरील परावर्तन, तर 'म' हा स्थिरांक असून लोकरीसाठी तो सुमारे ०.१५ धरतात. प्रत्येक घटकाच्या 'फ'ची वजनाच्या प्रमाणात सरासरी काढून त्यावरून मिश्रणाचे परावर्तन मिळते. १९५२ मध्ये फ्रीले यांनी याच हेतूने घातांकी सूत्र मांडले.

गणिती उदाहरण

पांढऱ्या लोकरीचे परावर्तन ६० टक्के व काळीचे ५ टक्के मानू. समान वजनाच्या मिश्रणासाठी साधी सरासरी ३२.५ टक्के येते, स्टर्न्स–नोएचेल सूत्राने सुमारे १३ टक्के, तर कुबेल्का–मुंक सिद्धान्ताने सुमारे ९ टक्के. स्टर्न्स–नोएचेल सूत्रानुसार ३२.५ टक्के परावर्तनाची करडी छटा हवी असल्यास काळी लोकर केवळ १४ टक्क्यांच्या आसपास पुरते.

मर्यादा

'म' तंतूचा प्रकार व जाडी यांनुसार बदलतो, म्हणून तो नमुने पिंजून आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजून ठरवावा लागतो. रंगीत मिश्रणासाठी ही गणना दृश्य वर्णपटातील अनेक तरंगलांबींवर स्वतंत्रपणे करतात. नैसर्गिक लोकरीची छटा मेंढीगणिक व कातरणीगणिक वेगळी असल्याने प्रत्येक खेपेचे मापन नव्याने करावे लागते.