मानसिक आजार आणि आरोग्यविमा

कोणी जरा विचित्र वागले, की ‘याला येरवड्याला पाठवा’ असे आपल्याकडे थट्टेने म्हटले जाते. येरवड्याचे मनोरुग्णालय इंग्रजांच्या काळापासून रुग्णांवर उपचार करीत आले आहे. पण आपण त्या गावाच्या नावाची थट्टा करून ठेवली. या थट्टेची किंमत अनेक कुटुंबांना रोख पैशात मोजावी लागते. घरातला आजार लपवायचा, विम्याच्या अर्जात त्याचा उल्लेख टाळायचा आणि पुढे दावा नामंजूर झाला, की ‘अशा आजाराला कुठला विमा’ म्हणून गप्प बसायचे, असे मी वारंवार पाहतो. म्हणून आज औषधपाण्याऐवजी विम्याविषयी लिहीत आहे.

भारतात मेडिक्लेम पॉलिसी १९८६ साली आली. पुढे कित्येक वर्षे अशा पॉलिसींमधून मानसिक आजार वगळलेले असत. आता तसे नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि मे २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम २१ मध्ये स्पष्ट म्हटले आहे, की शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर मानसिक आजारालाही विमा कंपनीने तो दिला पाहिजे. २०१९ साली विमा नियामक प्राधिकरणानेही मानसिक आजार सरसकट वगळण्यास कंपन्यांना मनाई केली.

तरीही वाद झालेच. दिल्लीतील एका महिलेचा रुग्णालयाचा खर्च नॅशनल इन्शुरन्स कंपनीने नाकारला. पॉलिसीत मानसिक विकार वगळलेले आहेत, असे कारण दिले. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हे कारण फेटाळून कंपनीला पैसे देण्यास सांगितले. कायदा लागू झाल्यावर अशी अट टिकत नाही, हा त्या निकालाचा अर्थ.

मात्र ‘समान आधार’ म्हणजे सर्व खर्च मिळतो, असे नव्हे. बहुतेक पॉलिसींत किमान चोवीस तास दाखल असणे आवश्यक असते. डॉक्टरांची तपासणी फी, समुपदेशन आणि महिन्याच्या गोळ्या यांचा खर्च बाह्यरुग्ण विभागाचे वेगळे संरक्षण घेतले असेल तरच मिळतो. रुग्णालय नोंदणीकृत आहे ना, हेही दाखल होण्यापूर्वी विचारावे.

व्यसनाच्या बाबतीत विशेष सावध राहावे. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हापासून दारू सोडविणे हा उपचाराचा विषय आहे, हे महाराष्ट्राला उमगले. विम्याच्या जगात मात्र व्यसनमुक्तीचा उपचार वगळण्याची मुभा कंपन्यांना आजही आहे. उलट २०१७ च्या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था येतात. या दोहोंच्या मध्येच भांडण होते. रुग्णाला व्यसनाबरोबर तीव्र नैराश्य किंवा भ्रम असतील, तर डॉक्टरांकडून निदान पूर्ण व स्पष्ट लिहून घ्यावे. खोटे काही लिहून मागू नये. ते उघडकीस आले की खरा दावाही बुडतो.

हीच गोष्ट अर्जाची. पूर्वी मानसिक उपचार घेतले आहेत का, असा प्रश्न असेल तर खरे उत्तर द्यावे. २०२४ च्या नियमांप्रमाणे आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षाकाल जास्तीत जास्त तीन वर्षांचा ठेवता येतो. तेवढा काळ थांबले, की हक्क पक्का होतो. माहिती लपविली, तर त्याच कारणावरून दावा फेटाळला जाण्याची भीती असते. पॉलिसी सलग पाच वर्षे चालू राहिल्यावर मात्र फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला हा मुद्दा काढता येत नाही.

दावा नामंजूर झाला तर काय करावे?

पहिले, नकार लेखी घ्यावा. पॉलिसीच्या कोणत्या अटीवरून नकार दिला, हे कंपनीने कळविलेच पाहिजे. रुग्णालयाच्या खिडकीवरचा तोंडी नकार हा नकार समजू नये.

दुसरे, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. त्यात कलम २१ चा उल्लेख करावा. डिस्चार्ज कार्ड, बिले व पॉलिसीची प्रत जोडावी आणि पोच जपून ठेवावी.

तिसरे, तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जावे. त्यांचे एक कार्यालय पुण्यात नारायण पेठेत आहे. तेथे फी नाही, वकिलाची गरज नाही आणि पन्नास लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार आहे. कंपनीचा अंतिम नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा.

चौथे, जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. तेथे मुदत दोन वर्षांची असते. मात्र ग्राहक आयोगात प्रकरण चालू असताना त्याच तक्रारीवर लोकपालांकडे जाता येत नाही, हे लक्षात ठेवावे.

मधुमेहाच्या रुग्णाचे नातेवाईक विम्याच्या खिडकीवर हक्काने भांडतात. मनोरुग्णाच्या नातेवाइकांनीही तसेच ताठ मानेने उभे राहावे. कायद्याने दोन्ही आजार एकाच रांगेत बसविले आहेत.