पॉइंट झिरो थ्री

सकाळी ७
बेंगळुरूतल्या विल्सन गार्डनच्या गल्लीत ऊन उतरायच्या आत मोजमापं उरकायची, हा माझा नेम. ब्लॉक बिडाचा, पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा. ८१ मिलिमीटरचा पिस्टन दहा अंशांनी तापला की जवळजवळ दोन शतांश फुगतो, बीड त्याच्या निम्म्यानंच. म्हणून दोघंही रात्रभर एकाच बाकावर.

इंजिन पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हिया आरएसचं. औरंगाबादजवळ शेंद्र्याला जुळवलेली गाडी. १.८ लिटर, टर्बो, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, नवी असताना १५० अश्वशक्ती. आधीच्या मालकानं ऑइल बदलायचा कंटाळा केला. टर्बोच्या उष्णतेनं ऑइलचा चिखल झाला, चेंबरमधली जाळी तुंबली आणि बिगेंडची बेअरिंगं टकटक करू लागली. या इंजिनांचं दुखणं बहुतेक वेळा हेच असतं. लोक मात्र टर्बोला शिव्या घालतात.

सकाळी ८
पिस्टन ८१.४२. बोअर डायल लावला तर चारही सिलिंडर ८१.४६ ते ८१.४७. साध्या पिस्टनला एवढी फट पुष्कळ झाली. हे फोर्ज्ड आहेत, तापल्यावर जास्त फुगतात, आठ शतांश तरी हवेत. अशीच जोडणी केली असती, तर पहिल्याच लांब दौडीत पिस्टन सिलिंडरला चिकटला असता. कमी आहे फक्त पॉइंट झिरो थ्री, पण तेवढ्यासाठी ब्लॉक परत पीण्याला, बोरिंगवाल्याकडे.

सकाळी ११
गोरगुंटेपाळ्याच्या सिग्नलला टेम्पोत बसून काय वाटतं, ते छापण्याजोगं नाही.

बोरिंगवाले अण्णा शांत. पिस्टनच्या डब्यातला मापाचा कागद मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पुस्तकातलं, म्हणजे कंपनीच्या पिस्टनचं माप धरलं होतं. ‘‘ओडिसिद्रे सेट आगुत्ते, सार.’’ गाडी पळवली की बसेल आपोआप! हे मी बेळगावातही ऐकलंय, मराठीत. फोर्ज्ड पिस्टन असा बसत नसतो.

पण माणूस कसबी आहे, हट्टी नाही. आणि होनिंग टॉर्क प्लेट लावूनच करायचं, हे त्यांना पटवावं लागलं नाही. हेडच्या जागी आवळायची ही जाड लोखंडी पाटी. माझी बेळगावच्या उद्यमबागेतून करून आणलेली. हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडर किंचित वाकडे होतात. मोकळ्या ब्लॉकला गोल घासलेलं भोक जोडणीनंतर अंडाकृती. प्लेट आवळून डायल फिरवला, तर तीन नंबरचा काटा दोन शतांश हलला. अण्णांनी चष्मा वर केला, पुन्हा फिरवून पाहिलं आणि पोराला दगड बदलायला सांगितलं.

दुपारी २
जेसी रोड. ऑइलची नवी जाळी मिळाली, हेडचे बोल्टही. हे बोल्ट आवळताना ताणले जातात, पुन्हा वापरायचे नसतात. जुनेच पुसून देणारे दुकानदार मी ओळखून आहे.

दुपारी ४
पीण्याहून फोन : चारही ८१.५०. टेम्पो निघाला.

संध्याकाळी ६
साबणाच्या गरम पाण्यानं ब्लॉक घासला. होनिंगची भुकटी रॉकेलनं निघत नाही, नुसती पसरते. पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत पोराला सोडलं नाही. मग लगेच ऑइलचा हात, नाहीतर तासाभरात तांबूस गंज.

रिंगा एकेक करून सिलिंडरमध्ये सरळ बसवल्या, तोंडांत फिलर गेज घातला. वरच्या रिंगेला ०.३० निघाली. टर्बोला ०.४५ हवी. गरम झाल्यावर दोन्ही टोकं एकमेकांना भिडली, तर पिस्टनची कडच तुटते. कानस एकाच दिशेनं, बाहेरून आत. उलट ओढली की कोटिंगचा टवका उडतो. दोन घासे, पुसणे, मोजणे. दोन सिलिंडरांच्या रिंगा झाल्या आणि मी कानस ठेवली. थकल्या हातानं एक घासा जास्त पडला, तर नवी रिंग आणावी लागते.

रात्री ८.३०
व्हाइटफील्डहून मालकाचा फोन. पुण्याचा मुलगा.
‘‘दादा, मग शनिवारी स्टार्ट ना?’’
‘‘शनिवारी नाही.’’
‘‘आणि बूस्ट किती ठेवायचा?’’

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर, हवा दहाएक टक्के विरळ. इथे तेवढाच दाब द्यायला टर्बोला जास्त गरगरावं लागतं. हे त्याला समजावलं. पहिले हजार किलोमीटर बूस्टचं नाव काढायचं नाही, हेही. चेन्नईच्या ट्रॅकचं बुकिंग त्यानं आधीच करून ठेवलं होतं. ते रद्द कर म्हटलं, आणि होनिंगचे जादा पैसे अण्णाच सोसणार आहेत, तेही सांगितलं. या शेवटच्या बातमीवर तो जरा निवळला.

उद्या क्रँक बसवायचा. बेअरिंगची फट आधी मोजणार.