सुटकेस कोणाची, पैसा कोणाचा?

कराडचे नाव सातारा जिल्ह्याबाहेर घेतले जाते ते यशवंतराव चव्हाणांमुळे आणि कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमामुळे. पण १९९२ च्या उन्हाळ्यात हे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले ते वेगळ्याच कारणाने. बँक ऑफ कराड नावाची एक छोटी बँक होती. तिच्या मुंबईतल्या कचेरीतून निघालेल्या पावत्यांवर भरवसा ठेवून बड्या बँकांनी शेकडो कोटी रुपये मोजले होते, आणि त्या पावत्यांमागे काहीच नव्हते. शेअर दलालांच्या ज्या महाघोटाळ्यात हे उघड झाले, त्याचा नायक म्हणून एकच नाव लोकांच्या तोंडी राहिले. ते नाव हर्षद मेहता.

नव्या पिढीला हा माणूस पडद्यावरून माहीत झाला आहे, आणि काही तरुण त्याच्याकडे कौतुकाने पाहतात. गरिबाघरचा पोरगा, बघा कुठे पोचला! म्हणून ही हकिकत घरातल्या सर्वांनी मिळून वाचावी असे वाटते.

हर्षद मेहताचा जन्म २९ जुलै १९५४ चा, राजकोट जिल्ह्यातल्या पानेली मोटी गावचा. बालपण मुंबईत कांदिवलीला, नंतर रायपूरला गेले. मुंबईला परत येऊन १९७६ मध्ये तो लाला लजपतराय महाविद्यालयातून बी.कॉम. झाला. न्यू इंडिया अॅश्युरन्स कंपनीत नोकरी केली, शेअर बाजारात हरकाम्यापासून सुरुवात केली, आणि पुढे स्वतः दलाल झाला. ‘ग्रो मोअर’ ही त्याची कंपनी. वरळीला समुद्रासमोर पंधरा हजार चौरस फुटांचे घर, त्यात पोहण्याचा तलाव, दारात परदेशी गाड्या. एसीसी या सिमेंट कंपनीचा दोनशे रुपयांचा शेअर त्याच्या खरेदीने नऊ हजारांपर्यंत चढला. १९९१ च्या सुरुवातीला हजाराच्या आसपास असलेला मुंबई बाजाराचा निर्देशांक एप्रिल १९९२ मध्ये साडेचार हजारांच्या जवळ गेला. मासिकांच्या मुखपृष्ठांवर तो आला, लोक त्याला ‘बिग बुल’ म्हणू लागले. गिरण्यांच्या संपानंतर हाताला काम नसलेल्या मुंबईत शेअरचे फॉर्म घेण्यासाठी रांगा लागत होत्या.

एवढा पैसा त्याने आणला कोठून? हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. आपण बँकेत शंभर रुपये ठेवले तर त्यातले काही रुपये बँकेला सरकारी रोख्यांत गुंतवून ठेवावे लागतात. त्या काळी हे प्रमाण साडेअडतीस रुपयांपर्यंत होते. एखाद्या बँकेकडे रोखे कमी पडले, दुसरीकडे जास्त असले, तर पंधरा दिवसांच्या बोलीवर ते विकत घ्यायचे आणि मुदत संपली की परत विकायचे, असा व्यवहार चाले. मध्ये असे दलाल. वस्तीतल्या भिशीचे पैसे एका घरातून दुसऱ्या घरी पोचवणाऱ्या माणसाने मधले पंधरा दिवस ते आपल्या धंद्यात फिरवावेत, तसे मेहताने केले. एका बँकेने दुसऱ्या बँकेच्या नावे काढलेला चेक त्याच्या स्वतःच्या खात्यात जमा होई. त्या पैशांवर तो शेअर घेई.

पण कधीतरी कोणी विचारणारच की रोखे कुठे आहेत? त्यासाठी होत्या बँक पावत्या. सोनाराने ‘दागिना माझ्या तिजोरीत आहे’ अशी चिठ्ठी लिहून द्यावी आणि तिजोरीत दागिनाच नसावा, असा तो प्रकार. रोखे हाती नसताना अशा चिठ्ठ्या देणाऱ्या बँकांमध्ये मुंबईची मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक आणि आपली बँक ऑफ कराड ही नावे पुढे आली. यातल्या सगळ्या पावत्या मेहतासाठीच होत्या असे नाही, बाजारातले दुसरे दलालही त्यात होते. सुचेता दलाल या महिला पत्रकाराने २३ एप्रिल १९९२ रोजी टाइम्स ऑफ इंडियात स्टेट बँकेच्या पाचशे कोटींची बातमी दिली आणि डोलारा कोसळला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने नंतर हिशेब मांडला तो चार हजार कोटींच्या वर गेला.

बड्या बँका मोठी खोट खाऊनही उभ्या राहिल्या. सरकार त्यांच्या पाठीशी होते. बुडाली ती कराडची बँक. १९९२ मध्येच ती अवसायनात निघाली, आणि १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियात सामील झाली. बँक बुडाल्यास ठेवीला जो विमा असतो, त्याची मर्यादा तेव्हा फक्त तीस हजार रुपये होती. मे १९९३ मध्ये ती एक लाख झाली आणि फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख आहे. पतपेढीतल्या ठेवीला हा विमा लागू नाही, हेही माता-भगिनींनी लक्षात ठेवावे.

आता सुटकेसकडे येऊ. १६ जून १९९३ रोजी जामिनावर सुटलेल्या मेहताने राम जेठमलानी या नामांकित वकिलांना शेजारी बसवून मुंबईत पत्रकार परिषद घेतली. त्याचे म्हणणे असे की, ४ नोव्हेंबर १९९१ रोजी आपण दिल्लीला पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांच्या निवासस्थानी गेलो आणि ६७ लाख रुपये भरलेली सुटकेस दिली. ठरलेल्या एक कोटीतले उरलेले पैसे दुसऱ्या दिवशी पोचवले. पैसे कशासाठी? पक्षासाठी, निवडणुकीसाठी. त्याच महिन्यात राव आंध्रातल्या नंद्यालमधून लोकसभेची पोटनिवडणूक लढवत होते, आणि ती त्यांनी प्रचंड मताधिक्याने जिंकली.

राव यांनी आरोप साफ नाकारला. सीबीआयला त्याचा पुरावा मिळाला नाही, आणि तो पुढेही कधी सिद्ध झाला नाही. हे स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण आरोप करणारा स्वतः गळ्यापर्यंत बुडालेला होता आणि दुसऱ्याला ओढण्यात त्याचा फायदा होता.

पण देशात चर्चा कसली झाली? ६७ लाख रुपये एका सुटकेसमध्ये मावतात का! शंभराच्या नोटा असतील तर किती मोठी लागेल, पाचशेच्या असतील तर वजन किती भरेल, याची गणिते लोक मांडत बसले. टिंगलटवाळी झाली, व्यंगचित्रे निघाली. तो पैसा मुळात कोणाचा, हा प्रश्न फारच थोड्यांनी विचारला. मेहता खरे बोलला असेल तर सुटकेसमध्ये जे होते ते त्याच्या घामाचे नव्हते. बँकांच्या खातेदारांचे होते. सफाई कामगार, रेल्वेचा खलाशी, ऊसतोडीला जाऊन चार पैसे मागे टाकणारी बाई यांचे होते. आणि तो खोटे बोलला असेल, तरी एका दलालाला इतके धाडस झाले आणि देशातल्या असंख्य लोकांना ते सहज खरे वाटले, हे काय कमी आहे?

राव यांचे सरकार २८ जुलै १९९३ रोजी अविश्वासाच्या ठरावातून २६५ विरुद्ध २५१ मतांनी वाचले. त्या मतांसाठी काही खासदारांना पैसे दिल्याचे वेगळेच प्रकरण पुढे न्यायालयात गेले. राव यांना त्यात २००० मध्ये शिक्षा झाली आणि २००२ मध्ये ते दिल्ली उच्च न्यायालयातून निर्दोष सुटले. मेहताला १९९९ मध्ये मारुती उद्योग कंपनीच्या ३८ कोटी ९७ लाखांच्या खटल्यात पाच वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या एका प्रकरणात पुन्हा अटकेत असताना ३१ डिसेंबर २००१ रोजी ठाण्याच्या सरकारी रुग्णालयात तो मरण पावला. वय सत्तेचाळीस.

परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते की, राजकारणात आपण एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य मानणार. पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात हे मूल्य नाकारत राहिलो तर लोकशाहीच धोक्यात येईल. सुटकेस ही त्याच विसंगतीची वस्तू आहे. नंद्यालच्या मजुराला एक मत. वरळीच्या दलालालाही एकच मत, पण त्याच्या म्हणण्याप्रमाणे पंतप्रधानांच्या घराचे दार त्याला उघडे होते.

आपल्या वस्त्यांत १४ एप्रिलच्या जयंतीची वर्गणी गोळा होते. दहा रुपये देणाऱ्याचेही नाव फळ्यावर लागते, हिशेब सर्वांसमोर वाचला जातो, आणि पाच रुपयांची चूक निघाली तरी मंडळात भांडण होते. ते भांडण चांगले असते. राजकीय पक्षांना मात्र असा फळा कधी आवडला नाही. १९५७ मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीला पक्षाला देणगी देण्याची मुभा देताना मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी या वाटेत लोकशाहीला मोठा धोका आहे असा इशारा दिला होता. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, तेव्हा उघड चेक थांबले आणि काळा पैसा वाढला. १९८५ मध्ये नफ्याच्या पाच टक्क्यांपर्यंत देण्याची परवानगी परत मिळाली. सुटकेसची गोष्ट त्यानंतरची आहे, म्हणजे कायदेशीर रस्ता मोकळा असतानाची.

मग २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले. आता सुटकेस नको, स्टेट बँकेत जाऊन रोखा घ्यायचा आणि पक्षाला द्यायचा. देणाऱ्याचे नाव जनतेला कळणार नाही. सुमारे साडेसोळा हजार कोटी रुपयांचे असे रोखे विकले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना घटनाबाह्य ठरवून रद्द केली, आणि मार्चमध्ये नावे बाहेर आली. सर्वांत जास्त, १३६८ कोटींचे रोखे घेणारी निघाली एक लॉटरीची कंपनी. लॉटरीचे तिकीट कोण घेते हे एस.टी. स्टँडवर उभे राहिले की दिसते.

रोखे गेले, चेक आणि ट्रस्टच्या वाटा शिल्लक आहेत. वीस हजारांपेक्षा जास्त देणगी देणाऱ्यांची यादी प्रत्येक पक्षाला निवडणूक आयोगाकडे द्यावी लागते, आणि ती आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी मोबाईलवर ती एकदा उघडावी आणि आपल्या भागातले साखरवाले, बांधकामवाले, दारूवाले कोणत्या पक्षाच्या यादीत सापडतात ते शोधावे. रोखीने दोन हजारांपर्यंतच देणगी घेता येते, तिला मात्र नावाची यादी लागत नाही.