गोठ्यातील गणती (लेखांक सातवा : वालुमाशी)

गेल्या आठवड्यात डासाचा विचार केला, तेव्हा पाणी हा आपला वाटाड्या होता. रांजण, टाके आणि गटार एवढी तपासली म्हणजे निम्मे काम उरकत असे. परंतु आज जिची हकीकत सांगावयाची ती वालुमाशी साचल्या पाण्यात अंडी घालीतच नाही. जेथे सावली, ओल आणि कुजते शेण-पाला ही तिन्ही एकत्र येतात, तेथील मातीत तिची प्रजा वाढते, आणि त्या अळ्या मातीशी इतक्या बेमालूम मिसळून जातात की, जाणत्या कीटकशास्त्रज्ञासही त्या हुडकून काढणे अतिशय जिकिरीचे होते. म्हणून अळ्यांचा माग सोडून प्रौढ माशीचीच मोजदाद करावयाची, हा शिरस्ता पडला आहे.

गोंदिया तालुक्यातील दवनीवाड्यासारख्या धानपट्ट्यातील गावी, जेथे सिमेंटच्या नव्या घराच्या पाठीलाच मातीच्या भिंतीचा जुना गोठा, तणसाचा ढीग आणि शेणखताचा खड्डा असू शकतो, तेथे या माशीस आणखी काय हवे? मोठमोठ्या शहरांच्या वेशीबाहेर पसरणाऱ्या वस्त्यांतही हेच मिश्रण दिसते: पुढे फरसबंद अंगण, मागे गुरे.

तिच्याकडे लक्ष ठेवण्याचे कारण मात्र सामान्य नाही. १९६५ साली नागपुरात तापाची साथ असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांना दोन रुग्णांच्या रक्तात एक अपरिचित विषाणू आढळला, आणि चांदीपुरा या तेथील वस्तीचे नाव त्यास कायमचे चिकटले. पुढे १९६९ मध्ये औरंगाबादेत तोच विषाणू वालुमाशीत सापडला. एवढे होऊनही तो अनेक वर्षे केवळ शास्त्रज्ञांच्या दप्तरी राहिला. २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वर होऊन त्यांपैकी १८३ दगावली, तेव्हा कोठे त्याचे खरे रूप उघडे पडले. आपला गोंदिया जिल्हा ज्यात मोडतो त्या नागपूर विभागातही २००७ च्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पंधरा वर्षांखालील ७८ मुलांना मेंदूज्वर झाला आणि शेकडा ४३.६ मुले गेली. आकडा लिहिताना हात अडखळतो. सकाळी अंगणात खेळणारे मूल संध्याकाळी तापते, त्यास उलट्या आणि झटके येतात, आणि पुष्कळदा दोन दिवसांच्या आत सारे संपते; या विषाणूवर ना खात्रीचे औषध, ना लस. तेव्हा पाळत ठेवावयाची ती तापावर नव्हे, त्याच्या आधी माशीवर, हे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

ही पाळत कशी ठेवतात, ते आता पाहू. रात्री चावून आलेली माशी पहाटेच्या सुमारास भिंतीच्या भेगेत, गोठ्याच्या काळोख्या कोपऱ्यात विसावते. कीटक समाहारक विजेरीचा झोत टाकतो, आणि तिळाएवढी, वाळूच्या रंगाची, केसाळ, पंख पाठीवर उभे धरून बसलेली ती दिसली की शोषनळीने हलकेच ओढून घेतो. एका माणसाने एक तास शोधून किती माश्या मिळाल्या, हीच तिची घनता. दोघांनी अर्धा तास शोधून अठरा धरल्या, तर घनता अठरा. एरंडेल लावलेले कागद भेगांपाशी टांगूनही माश्या अडकवतात, प्रकाशसापळेही रात्रभर लावतात. परंतु गावोगावच्या तुलनेसाठी माणशी-तासाचा हिशेबच सोयीचा पडतो.

पकडलेली माशी सूक्ष्मदर्शकाखाली जाते, तेथे मादीच्या घशातील दाते आणि पोटातील रेतकोश पाहून तिची जात ठरवितात. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. फ्लेबोटोमस कुळीची माशी मनुष्यास चावते म्हणून संशयित, आणि सर्जेंटोमिया बहुधा पाली-सरड्यांवर जगते म्हणून निरुपद्रवी, असा समज पुष्कळ काळ होता; परंतु नागपूर भागात गोळा केलेल्या सर्जेंटोमियातच हा विषाणू मिळाला, आणि तिला गणतीतून वगळण्याची सोय उरली नाही. शिवाय संसर्ग झालेली मादी तो आपल्या अंड्यांकरवी पुढच्या पिढीस देऊ शकते, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. गावात एकही आजारी नसताना विषाणू भिंतीत टिकून राहू शकेल, ही शंका त्यामुळे बळावते.

ही माशी दूर उडत नाही. उड्या मारल्यासारखी भिंतीवरून भिंतीवर सरकते, आणि फार उंचही जात नाही, म्हणूनच वालुमाशीकरवीच पसरणाऱ्या काळाआजाराच्या मुलुखात भिंतीवर फवारणी सहा फुटांपर्यंतच करतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की, एका आळीतील घनता शेजारच्या आळीस लागू धरता येत नाही. नोंद गावनिहाय न ठेवता घरनिहाय आणि गोठानिहाय ठेवली पाहिजे, आणि रोवणीपूर्वीच, मृगाच्या सरी पडण्याआधी, तिला आरंभ झाला पाहिजे. मुलाच्या मृत्यूनंतर धावत येणाऱ्या पथकास भेगेत पाच माश्या मिळाल्या, तर त्या पाच म्हणजे वाढ की घट, हे मागील नोंदीवाचून कोण सांगणार?

फवारणी झाल्यावर, भेगा चुना-मातीने लिंपल्यावर आणि शेणखड्डा घरापासून दूर नेल्यावर, त्याच गोठ्यात, त्याच पहाटेच्या वेळी, तेवढाच वेळ पुन्हा शोध घ्यावयाचा असतो. एकही माशी न मिळाल्यास रकाना कोरा सोडावयाचा नाही. तेथे शून्य लिहून, खाली तारीख घालून सही करावयाची.