अहवालातील संख्यात्मक माहितीचे दृश्य सादरीकरण : आलेखाची निवड व विश्वासार्हता

प्रस्तावना :
संशोधन प्रकल्पाचा अहवाल, विभागाचा वार्षिक अहवाल, परीक्षेच्या निकालाचे विश्लेषण, नॅकसाठीचा स्वयंमूल्यमापन अहवाल अशा विविध प्रकारच्या लेखनात प्राध्यापकांना संख्यात्मक माहिती मांडावी लागते. संगणकामुळे कोणत्याही सारणीचा आलेख क्षणार्धात तयार होतो. तथापि कोणता आलेख योग्य, याचा निर्णय संगणक घेत नाही. परिणामी आलेख पुष्कळदा केवळ सजावटीपुरता उरतो. वस्तुतः आलेख हे एक विधान असते आणि विधानाप्रमाणेच तेही सत्य, अर्धसत्य वा दिशाभूल करणारे असू शकते. या दृष्टीने आलेखाच्या निवडीची तत्त्वे प्रस्तुत लेखात स्पष्ट केली आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात व्यापारविषयक आकडेवारीसाठी रेषालेख व स्तंभालेख वापरले. वृत्तालेखही त्यांनीच १८०१ मध्ये प्रचारात आणला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या मृत्यूंची आकडेवारी आकृतीच्या साहाय्याने मांडली. युद्धातील जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक सैनिक दगावले, ही बाब त्या आकृतीतून एका दृष्टिक्षेपात कळत होती. येथे प्रश्न आधी निश्चित होता आणि आकृती त्याच्या उत्तरासाठी काढली गेली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सारणी की आलेख :
वाचकाला नेमका आकडा हवा असेल तर सारणी अधिक उपयुक्त ठरते. कल, तुलना किंवा दोन चलांमधील संबंध दाखवायचा असेल तर आलेख आवश्यक ठरतो. आकडे दोन-तीनच असतील तर एक सुस्पष्ट वाक्य पुरेसे असते. काळानुसार होणारा बदल रेषालेखाने, भिन्न गटांची तुलना स्तंभालेखाने आणि दोन चलांचा संबंध विकीर्ण आलेखाने दाखवावा. वृत्तालेख एका पूर्ण संख्येच्या घटकांसाठीच वापरावा व घटक चार-पाचांहून अधिक नसावेत. त्रिमितीय वृत्तालेखात पुढील बाजूचा भाग प्रत्यक्षापेक्षा मोठा भासतो, म्हणून तो टाळणेच इष्ट.

विल्यम क्लीव्हलंड व रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातूनही याला आधार मिळतो. समान प्रमाणावरील बिंदूंचे स्थान मनुष्य सर्वाधिक अचूकपणे ओळखतो. लांबी, कोन व क्षेत्रफळ यांचा अंदाज उत्तरोत्तर कमी अचूक ठरतो.

अक्षाचा आरंभबिंदू : एक उदाहरण
जनगणनेनुसार महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ होती. या आकड्यांचा स्तंभालेख काढताना उभा अक्ष ८८० पासून सुरू केला, तर तीन स्तंभांची उंची अनुक्रमे ६६, ३३ व १४ एकके होते. २०११ चा स्तंभ १९९१ च्या स्तंभाच्या सुमारे एक-पंचमांश दिसतो, जणू राज्यातील पाचपैकी चार मुली नाहीशा झाल्या. अक्ष शून्यापासून सुरू केला, तर तिन्ही स्तंभ जवळजवळ सारखे दिसतात आणि वीस वर्षांत दर हजारी ५२ ने झालेली गंभीर घट नजरेआड होते.

स्तंभालेखात लांबी हीच संख्येची निदर्शक असल्याने त्याचा अक्ष शून्यापासूनच हवा. रेषालेखात बिंदूचे स्थान संख्या दर्शविते. म्हणून तेथे अक्ष ८५० पासून सुरू करता येतो, मात्र तसा स्पष्ट उल्लेख आकृतीखाली करावा. वरील माहितीसाठी रेषालेख योग्य ठरतो, कारण त्यात घट दिसते व तिचे प्रमाणही वाचता येते.

वगळलेल्या नोंदींचा परिणाम :
२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर अल्पावधीतच नष्ट झाले व सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला. थंड हवामानात अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कडी पुरेशी लवचीक राहत नाहीत, या शंकेवर आदल्या सायंकाळी चर्चा झाली होती. पुढे रॉजर्स आयोगाने दाखवून दिले की, तापमानाचा विचार करताना केवळ कड्यांना क्षती पोहोचलेली उड्डाणे विचारात घेतली गेली, त्यामुळे संबंध स्पष्ट झाला नाही. क्षती न झालेली उड्डाणेही मांडली असता चित्र पालटते : ६६ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक तापमानाच्या २० उड्डाणांपैकी फक्त ३ मध्ये क्षती आढळली होती, तर ६३ अंश वा त्याहून कमी तापमानाच्या चारही उड्डाणांत ती आढळली होती. अपघाताच्या दिवशी हवेचे तापमान ३६ अंश होते.

महाविद्यालयीन अहवालांतही असा दोष संभवतो. केवळ चांगल्या निकालाची वर्षे निवडणे किंवा उत्तीर्णतेची टक्केवारी देताना परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यांची संख्या न देणे, ही त्याचीच रूपे होत. ८० टक्के निकाल १० विद्यार्थ्यांचा की २०० विद्यार्थ्यांचा, हे कळल्याशिवाय त्याचे मोल ठरविता येत नाही.

निष्कर्ष :
आलेख काढण्यापूर्वी तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे, हे एका वाक्यात लिहावे. ते वाक्य लिहिता येत नसेल तर आलेखाची गरज नाही, असे समजावे. प्रत्येक आकृतीस क्रमांक, शीर्षक, एकके, कालावधी, निरीक्षणांची संख्या व माहितीचा स्रोत द्यावा आणि मजकुरात तिचे विवेचन करावे. विद्यार्थी अहवाललेखनाचे संस्कार प्राध्यापकांच्या अहवालांतूनच घेतात; म्हणून आलेखातील काटेकोरपणा हा अध्यापनाचाही भाग ठरतो.