पदकतालिकेपलीकडे : दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धांतील मालदीवचा सहभाग

प्रस्तावना

डिसेंबर २०१९ मध्ये नेपाळमध्ये तेरावी दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा पार पडली. या स्पर्धेत मालदीव या द्वीपराष्ट्राच्या नावावर दोन परस्परविरोधी नोंदी झाल्या. काठमांडू येथे हसन सईद या धावपटूने पुरुषांची १०० मीटर शर्यत १०.४९ सेकंदांत जिंकून आपल्या देशाला या स्पर्धेतील पहिलेवहिले सुवर्णपदक मिळवून दिले. याच स्पर्धेत पोखरा येथे मालदीवचा महिला क्रिकेट संघ बांगलादेशाविरुद्ध अवघ्या ६ धावांत सर्वबाद झाला. पहिल्या नोंदीचे कौतुक झाले, दुसरीचा उपहास झाला. वस्तुतः या दोन्ही नोंदी एकाच परिस्थितीतून निर्माण झालेल्या आहेत. ती परिस्थिती कोणती आणि छोट्या राष्ट्राच्या क्रीडासहभागाचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

स्पर्धेची पार्श्वभूमी

१९८४ साली काठमांडू येथे सात देशांच्या सहभागाने या स्पर्धांना प्रारंभ झाला. त्या काळी त्या ‘सॅफ गेम्स’ या नावाने ओळखल्या जात. २००४ च्या इस्लामाबाद येथील स्पर्धेपासून ‘दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा’ हे नाव रूढ झाले. १९८४ ते २०१९ या पस्तीस वर्षांच्या कालावधीत एकूण तेरा स्पर्धा झाल्या. नेपाळ, बांगलादेश, भारत, पाकिस्तान व श्रीलंका या पाचच देशांनी त्यांचे यजमानपद भूषविले. मालदीव व भूतान या दोन सर्वांत लहान सदस्यांकडे ते एकदाही आले नाही. यजमान राष्ट्रात स्पर्धेच्या निमित्ताने मैदाने, धावमार्ग, तलाव उभे राहतात आणि स्पर्धेनंतरही ते खेळाडूंच्या उपयोगी पडतात. यजमानपदाची क्षमता नसणे याचा अर्थ या लाभालाही मुकणे असा होतो.

आकारमानाचा प्रश्न

मालदीवमध्ये सुमारे १,२०० बेटे असून त्यांपैकी सुमारे २०० बेटांवर स्थानिक वस्ती आहे. सर्व बेटांची मिळून जमीन सुमारे ३०० चौरस किलोमीटर भरते. परंतु ही बेटे उत्तर-दक्षिण ८०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या पट्ट्यात विखुरलेली आहेत. २०२२ च्या जनगणनेनुसार, परदेशी रहिवाशांसह, देशाची लोकसंख्या सुमारे ५ लाख १५ हजार होती व तिच्यापैकी सुमारे ४० टक्के लोक राजधानी माले व तिच्या परिसरात एकवटलेले होते. माले हे मूळ बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे आहे. अशा ठिकाणी ४०० मीटरचा धावमार्ग आखणे म्हणजे घरे, शाळा व रुग्णालये यांच्याशी जागेसाठी स्पर्धा करणे होय.

क्रीडागुण सर्व समाजांत सारखेच विखुरलेले असतात, असे मानले तरी त्यांचा शोध घेणारी साखळी मात्र सर्वत्र सारखी नसते. मोठ्या देशात शाळा, जिल्हा, राज्य व राष्ट्र अशा चाळण्यांतून खेळाडू वर येतो. प्रत्येक पायरीवर त्याला बरोबरीचे प्रतिस्पर्धी भेटतात व त्यातूनच त्याची कामगिरी सुधारते. मालदीवमध्ये दूरच्या बेटावरील मुलाला अशा स्पर्धेसाठी समुद्रप्रवास करावा लागतो आणि देशातील सर्वोत्तम धावपटूला देशांतर्गत तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळणे दुरापास्त होते. प्रादेशिक स्पर्धा ही त्याच्यासाठी वरची पायरी असतेच. पण अनेकदा ती त्याच्या तोडीच्या खेळाडूंशी होणारी पहिली गाठही असते.

पदकतालिकेचे वाचन

२०१९ च्या पदकतालिकेत भारत १७४ सुवर्णांसह एकूण ३१२ पदके मिळवून प्रथम स्थानी होता. एकूण ३१७ सुवर्णपदकांपैकी सुमारे ५५ टक्के एकट्या भारताकडे गेली. तालिकेच्या तळाशी मालदीव व भूतान होते. मालदीवला १ सुवर्ण व ४ कांस्य अशी ५ पदके मिळाली. भूतानला ७ रौप्य व १३ कांस्य अशी २० पदके मिळाली. तरीही मालदीव सहाव्या व भूतान सातव्या क्रमांकावर राहिला, कारण प्रचलित पद्धतीत प्रथम सुवर्णपदकांची संख्या पाहिली जाते. दहा सेकंदांहून थोड्या अधिक काळाच्या एका शर्यतीने वीस पदकांवर मात केली. एकूण पदके मोजली असती, तर हा क्रम उलटला असता.

लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिल्यास चित्र आणखी बदलते. स्थूल हिशेबाने भूतानला सुमारे ३७ हजार लोकांमागे एक पदक मिळाले, श्रीलंकेला ८७ हजारांमागे, मालदीवला सुमारे एक लाखामागे, तर भारताला सुमारे ४४ लाखांमागे. मात्र हा निकषही निर्दोष नाही. प्रत्येक क्रीडाप्रकारात एका देशाच्या प्रवेशिकांना मर्यादा असते. त्यामुळे लोकसंख्या हजारपट असली, तरी पदके हजारपट होणे शक्य नसते. पहिला निकष मोठ्या देशाला झुकते माप देतो, दुसरा लहान देशाला.

तालिकेत आणखी एक घटक दडलेला असतो, तो म्हणजे अनुपस्थिती. २०१९ मध्ये तिरंदाजीत भारताचा संघ नव्हता. बांगलादेशाने त्या खेळातील सर्व १० सुवर्णपदके जिंकली. पुरुषांच्या फुटबॉलमध्येही भारत उतरला नव्हता. तेथे भूतानने अंतिम फेरी गाठली व नेपाळकडून १-२ असा पराभव पत्करून रौप्यपदक मिळविले. यामुळे विजेत्यांचे श्रेय कमी होत नाही. मात्र पदकसंख्या ही केवळ गुणवत्तेची नव्हे, तर कोण मैदानात होते याचीही नोंद असते, हे ध्यानात घ्यावे लागते.

सहा धावांचा डाव

मालदीवच्या महिला क्रिकेट संघाची कामगिरी याच दृष्टीने तपासली पाहिजे. २ डिसेंबर २०१९ रोजी नेपाळविरुद्ध हा संघ १६ धावांत बाद झाला. नेपाळच्या अंजली चंद हिने एकही धाव न देता ६ बळी घेतले. त्यानंतर बांगलादेशाने २ बाद २५५ धावा केल्या व मालदीवला ६ धावांत गुंडाळले. तिसऱ्या स्थानासाठीच्या सामन्यात नेपाळविरुद्ध संघाच्या ८ धावा झाल्या.

हे आकडे जगभर पोहोचले, त्यामागे एक नियम आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने १ जुलै २०१८ पासून सर्व सदस्य देशांच्या महिला संघांमधील ट्वेंटी-२० सामन्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा दिला. त्यामुळे नवशिक्या संघाचे पहिले प्रयत्नही अनुभवी संघांच्या विक्रमांच्याच पुस्तकात नोंदले जाऊ लागले. सर्वसाधारणपणे शिकाऊ काळातील अपयश कोणाच्या लक्षात येत नाही. येथे मात्र ते कायमस्वरूपी नोंदले गेले. या नोंदीतील एक तपशील सहसा दुर्लक्षिला जातो. बांगलादेशाविरुद्धचा तो डाव १२.१ षटके, म्हणजे ७३ चेंडू चालला. ट्वेंटी-२० विश्वचषक खेळण्याची तयारी करणाऱ्या गोलंदाजांसमोर या खेळाडूंना धावा करता आल्या नाहीत. पण त्या मैदान सोडून गेल्या नाहीत आणि दोन दिवसांनी पुन्हा खेळायला उतरल्या.

फुटबॉलचे उदाहरण

छोटे राष्ट्र सर्वच खेळांत दुर्बल असते असे नाही. १९९१ च्या कोलंबो येथील सॅफ क्रीडा स्पर्धेत मालदीवने फुटबॉलची अंतिम फेरी गाठली होती. तेथे पाकिस्तानने त्यांना २-० असे हरविले. दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाची अजिंक्यपद स्पर्धा ही स्वतंत्र स्पर्धा आहे. ती मालदीवने २००८ व २०१८ अशी दोनदा जिंकली आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात भारताचा पराभव केला. फुटबॉलला एक मैदान पुरते आणि राजधानीतील दाट वस्तीत चुरशीची साखळी स्पर्धा वर्षानुवर्षे चालू राहू शकते. तुल्यबळ प्रतिस्पर्धी घरच्या घरी मिळाले की लोकसंख्येची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते, हे या उदाहरणातून स्पष्ट होते. धावण्याच्या शर्यतीत किंवा महिला क्रिकेटमध्ये नेमकी हीच सोय नव्हती.

खंडित वेळापत्रक

१९८५ ते १९९५ या काळात ही स्पर्धा दर दोन वर्षांनी नियमाने होत असे. त्यानंतर मात्र १९९९, २००४, २००६, २०१०, २०१६ व २०१९ अशी अनियमितता आली. चौदाव्या स्पर्धेचे यजमानपद पाकिस्तानकडे देण्यात आले. परंतु ती वारंवार लांबणीवर पडली.

मोठ्या देशाच्या खेळाडूला या विलंबाची झळ तुलनेने कमी बसते. नाशिक जिल्ह्यातील धावपटू कविता राऊत हिने २०१६ च्या गुवाहाटी येथील स्पर्धेत मॅरेथॉनचे सुवर्णपदक जिंकले व त्या वेळेच्या आधारे रिओ ऑलिम्पिकसाठी पात्रता मिळविली. तिच्यापुढे ही संधी होतीच. परंतु त्याखेरीज राष्ट्रीय स्पर्धा, आशियाई स्पर्धा व देशातील मोठ्या मॅरेथॉन शर्यती यांचेही मार्ग खुले होते. मालदीवच्या खेळाडूपुढे हिंदी महासागरातील बेटांच्या क्रीडा स्पर्धांसारखे मोजकेच पर्याय उरतात. ऑलिम्पिकमध्ये अशा देशांना निकष न गाठताही मर्यादित जागा मिळतात. हसन सईदही २०१६ मध्ये रिओ येथे धावला. परंतु तेथे त्याच्यासारख्या धावपटूला पदकाची वास्तव शक्यता नसते. पदकाची शक्यता व तुल्यबळ स्पर्धा या दोन्ही गोष्टी एकत्र देणारे व्यासपीठ प्रादेशिक स्पर्धांचेच असते. धावपटूच्या उमेदीची वर्षे आठ-दहा असतात. दोन स्पर्धांमध्ये सहा वर्षांचे अंतर पडले, तर एका पिढीला एकच संधी लाभते आणि काहींना तीही लाभत नाही.

समारोप

ऑलिम्पिक सनदेनुसार स्पर्धा ही खेळाडूंमध्ये असते, देशांमध्ये नव्हे. तरीही आपण प्रथम देशांची तालिका पाहतो आणि भारत पहिला आहे हे कळल्यावर तिचा तळ पाहण्याची गरज आपल्याला वाटत नाही. छोट्या राष्ट्राच्या बाबतीत त्याच्या मागील कामगिरीशी केलेली तुलना, सहभागी महिलांची संख्या, नवे राष्ट्रीय विक्रम आणि स्पर्धांमधील सातत्य हे निकष अधिक न्याय्य ठरतात. या निकषांवर पाहता पस्तीस वर्षांनंतरचे एक सुवर्णपदक आणि सहा धावांचा डाव या परस्परविरोधी घटना उरत नाहीत. एक प्रवास कुठवर पोहोचला हे पहिलीतून कळते. दुसरा नुकताच सुरू झाला आहे, हे दुसरीतून. तो पुढे चालू राहील की नाही, हे त्या खेळाडूंच्या जिद्दीइतकेच पुढील स्पर्धा वेळेवर भरविण्याच्या मोठ्या राष्ट्रांच्या इच्छाशक्तीवरही अवलंबून आहे.